आतली की बाहेरची

तुम्ही दोघांनी मिळून विचारलंत, म्हणून लिहिते. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना क्रूझवर न्यायचं ठरवलं आहे, तर बोट कोणती घ्यावी, काय बघून घ्यावी, आणि आजी, तू येशील का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ आहेत. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आहे. ते का, हे सांगितल्याशिवाय पहिल्या दोन उत्तरांनाही अर्थ राहणार नाही.

तुम्ही इंग्रजीत विचारलंत. मलाही इंग्रजीत लिहिता आलं असतं. नोकरीभर शाळेत तेच शिकवलं. पण यातले एक-दोन शब्द इंग्रजीत नेले की त्यांतली बोच निघून जाते आणि सगळं प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकासारखं गुळगुळीत होतं. तुम्ही रविवारच्या मराठी शाळेत अक्षरं शिकला आहात. कुठे अडलं तर बाबांना विचारा. त्यांना सगळे शब्द येतात.

मी असल्या बोटीवर एकदाच गेले, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. तुम्हीही होतात. थोरल्याला तो निळा तलाव आणि घसरगुंडी आठवत असेल. धाकटीला काहीच आठवत नसणार.

आमची तेव्हा वाशीला एकाच मजल्यावर, एकाला एक लागून दोन घरं होती. घरं लहान, बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. एका घरात आम्ही राहायचो. दुसरं तुमच्या आजोबांनी जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यातून निवृत्त होताना घेतलं, तुमच्या बाबांसाठी. बाबा अमेरिकेला गेले तेव्हा 'पाच वर्षं' असं म्हणाले होते. त्या शब्दावर ते घर घेतलेलं. आजोबा इंजिनियर माणूस. त्यांनी मधली भिंत ठोकून बघितली, तिच्यावर भार नाही याची खात्री केली, आणि दार कुठे पाडायचं तिथे पेन्सिलने चौकट आखून ठेवली. घर भाड्याने दिलं नाही. दर शनिवारी जाऊन खिडक्या उघडायचे, नळ सोडून बघायचे, फरशी पुसून घ्यायचे. महाप्याला कॉम्प्युटरच्या कंपन्या येऊ लागल्या तशी स्कूटरवरून त्या बाजूला उगाच चक्कर मारून यायचे आणि मला सांगायचे, "आणखी एक इमारत उभी राहतेय. सगळी काचेची." जणू ती काच तुमच्या बाबांसाठीच बसवत होते.

पाच वर्षं झाली, त्यावर आणखी काही झाली. आमच्या समोरच्या घरात कांदा-बटाटा मार्केटमधले एक व्यापारी राहायचे, मूळचे साताऱ्याकडचे. ते मधूनमधून विचारायचे, "सर, रिकामं ठिवण्यापरीस आमाला द्या की ते घर." आजोबांचं उत्तर ठरलेलं, "मुलगा यायचाय."

तेव्हा एक ध्यानात घ्या. आजोबांना बोटीवरच्या जेवणाचं, नाचगाण्याचं काही नव्हतं. त्यांना मुलासमोर बसून एकच गोष्ट विचारायची होती, तू परत येणार आहेस की नाही. फोनवर ती कधी विचारली नाही. परदेशी फोनवर तेव्हा आपलं बोलणं संपून तिकडचं ऐकू येईपर्यंत मधे थोडी शांतता पडायची. "त्या शांततेत माणूस काय तोंड करतो ते दिसत नाही," असं ते म्हणायचे. म्हणून समोर बसून विचारायचं.

आणि तुम्ही येत नव्हतात. मागच्या खेपेला तुम्हा दोघांची पोटं बिघडली होती, डासांनी फोडून काढलं होतं, आणि ठाणे-बेलापूर रस्त्याकडून कारखान्यांचा वास आला की तुमची आई धावत जाऊन खिडक्या लावायची. पुढची खेप लांबत गेली. मग एका रविवारी तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आपण मधे भेटू या. सिंगापूरला. तिथून बोट निघते. सगळे एकत्र राहू, कुणाला कामं नाहीत, आईला स्वयंपाक नाही."

'मधे' हा शब्द ऐकायला बरा वाटला. दुसऱ्या दिवशी मी शाळेत भूगोलाच्या कपाटातून पृथ्वीचा गोल काढला आणि शिवणकामाचा दोरा लावून बघितला. तुमच्या गावापासून सिंगापूर, मग तुमच्या गावापासून मुंबई. दोरा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच लागला. म्हणजे 'मधे' भेटण्यात तुमचा प्रवास काहीच कमी होत नव्हता. फक्त आमचा वाढत होता. मी गोल कपाटात ठेवला आणि घरी येऊन बोलले नाही, कारण आजोबा तोवर माळ्यावरून बॅगा काढून पुसत बसले होते.

तर बोट निवडताना आधी नकाशा काढा. ती कुठून निघते, तिथवर पोचताना कुणाची दमछाक होणार, ते बघा. तुमचे बाबा आता काही तरुण नाहीत. विमानातून उतरून त्याच दिवशी बोटीत चढायचं असलं तर नाही म्हणा. आदल्या दिवशी त्या गावात पोचा, झोपा, मग चढा. आम्ही थेट गेलो होतो. बोटीवर जी पहिली संध्याकाळ मिळाली ती आजोबांनी पाय सुजवून घेऊन काढली.

आता खोलीचं. याच्यावर सगळं असतं, आणि इथेच आम्ही चुकलो.

खोलीचं विचारायला तुमच्या बाबांचा फोन आला तेव्हा मी तिथेच भाजी निवडत बसले होते. आजोबा फोनवर नेहमी मोठ्याने, समोरच्याचे शब्द पुन्हा उच्चारून बोलायचे, त्यामुळे मला दोन्हीकडचं कळायचं.

"काय? खोली आतली की बाहेरची?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेने आतल्या खोलीकडे खूण केली. "आतली सांग, आतली. बाहेरची कशाला? जाण्यायेण्याचा त्रास, शिवाय वारं." मग थोडं थांबून, "हो हो, आतलीच. आईपण म्हणतेय."

तुम्हाला यात काय चुकलं ते कळायचं नाही, म्हणून सांगते. आपल्याकडे बाहेरची खोली म्हणजे जिथे दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, चपला घालून आलेला पाहुणा, कुणीही येतं. तिथे टीव्ही असतो, तिथे मुलं झोपतात. आतली खोली घरातल्यांची. तिथे कपाट असतं, आजारी माणसाला तिथे निजवतात, माहेरवाशीण आली की तिला तिथे जागा देतात. वडीलधाऱ्यांना 'तुम्ही आत पडा' म्हणायचं, हा मान असतो. म्हणून आम्ही आतली मागितली. बोटीवर आतली म्हणजे पोटातली. जिला खिडकी नाही, समुद्र नाही, उजेड नाही, आणि म्हणून जी कुणाला नको असते, ती.

तुमचे बाबा याच घरात वाढले. त्यांना आतली या शब्दाचा आमचा अर्थ माहीत होता आणि बोटवाल्यांचाही. दोन्ही माहीत असलेला आमच्यात तेवढा एकच माणूस होता. ते 'ठीक आहे' म्हणाले.

प्रवासाची तयारी मी व्यवस्थित केली होती, ती तुमच्याही उपयोगाची आहे. मोठी बॅग बंदरावरच काढून घेतात आणि ती खोलीत पोचायला संध्याकाळ होते. तोवर लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे औषधं, चष्मा, एक जोडी कपडे, हातातल्या पिशवीत ठेवा. पासपोर्ट बोटवाले ठेवून घेतात. घाबरू नका, पण त्याची झेरॉक्स जवळ असू द्या. डेक सारखा धुतात, तो ओला असतो. आईसाठी रबरी तळाचे बूट घ्या. कडक एसी असतो, शाल न्या. आलेपाक न्या. चहा तिथला पिववत नाही. शाकाहारी जेवण हवं असेल तर ते तिकीट काढतानाच सांगावं लागतं. ऐन टेबलावर सांगितलं तर उकडलेल्या भाज्या येतात आणि वाढणारा माणूस आपल्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघतो.

बोट बघून मात्र मी थक्क झाले होते, ते कबूल करते. धक्क्यावर उभं राहून वर बघितलं तर आमची अख्खी सोसायटी आडवी करून पाण्यात सोडल्यासारखी. आजोबांनी तुम्हाला दोघांना एकेका हाताला धरलं होतं आणि ते तुम्हाला नांगर, भोंगा, धुराचं नळकांडं दाखवत होते. तुमचे बाबा त्यांना म्हणाले, "कसं वाटतंय बाबा?" आजोबा म्हणाले, "फर्स्ट क्लास." आमच्या त्या प्रवासातलं सगळे एकत्र उभे असताना झालेलं बोलणं तेवढंच.

मग लिफ्टने तुम्ही वर गेलात आणि आम्ही खाली. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखी दारं. आमचं दार उघडलं. दोन पलंग, एक आरसा, आणि समोरच्या भिंतीवर फुलाफुलांचा पडदा. आजोबा हौसेने पुढे गेले आणि त्यांनी पडदा सरकवला. मागे भिंत होती. नुसती भिंत, पिवळट रंगाची. त्यांनी पडदा होता तसा नीट लावला.

"दिवा लावला की दिवस, मालवला की रात्र," ते म्हणाले. "सोपं आहे."

नंतर तुमच्या खोलीत गेलो तर तुम्ही दोघं सोफ्यावर गुडघे टेकून मोठ्या काचेला नाक लावून बसला होतात. तुमची आई म्हणाली, "आई, बाबा, या ना, इथून मस्त दिसतं." आम्ही दोन मिनिटं बघितलं. मग ती म्हणाली, "आता मुलांना जरा झोपवते हं," आणि आम्ही खाली आलो.

खोली मधल्या भागातली घ्या, फार वरची नको आणि अगदी पुढच्या टोकाची नको, तिथे जास्त हेलकावे बसतात. खिडकीची घ्याच. आणि दोन खोल्या घेणार असाल तर एकाच मजल्यावर, शेजारी शेजारी घ्या. वर-खाली घेतल्यात तर चार दिवस एकमेकांना शोधण्यात जातात.

जेवणाच्या वेळांचंही असंच. मोठ्या बोटींवर रात्रीचं जेवण दोन पंक्तींत असतं, एक लवकरची आणि एक उशिराची, आणि तुमचं टेबल ठरलेलं असतं. तुमच्या बाबांनी आमच्यासाठी लवकरची निवडली, तुमच्यासाठी उशिराची. "तुम्ही लवकर जेवता ना," ते म्हणाले. खरंच होतं, आम्ही लवकर जेवतो. पण लवकर जेवणारी माणसं मुलासाठी एखादा दिवस थांबली असती. वाशीच्या घरात आजोबा कारखान्यातून उशिरा यायचे तेव्हा मी ताट झाकून थांबायचेच की. आमच्या टेबलावर एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, त्यांना आमचा काही उपयोग नव्हता. आजोबा सारखे दाराकडे बघत सूप प्यायचे.

दुसऱ्या दिवशी बोट मलेशियाच्या एका बेटाला लागली. तुम्ही नळी तोंडात धरून मासे बघायला गेलात. आम्हाला पोहता येत नाही, म्हणून आम्ही डेकवर खुर्च्यांत बसलो. संध्याकाळी तुम्ही परत आलात ते थेट मुलांच्या क्लबात. तिथे मनगटाला रंगीत पट्टी बांधत, तोंड रंगवत, आणि दिवसभर सांभाळत. मी दारातून तुम्हाला हाक मारली तर तिथल्या मुलीने मला गोड हसून सांगितलं, की फक्त आईवडिलांनाच मुलांना बाहेर नेता येतं. थोरल्या, तू मला हात केलास. तुझ्या तोंडावर वाघाच्या मिशा होत्या. यात तुमचा काही दोष नव्हता. तुम्ही मुलं होतात आणि तिथे फुगे होते.

आजोबांनी बाबांना बोळात गाठलं. "अरे, जरा बोलायचं होतं."

"बाबा, उद्या सी डे आहे. बोट कुठेच थांबत नाही. उद्या निवांत बसू."

"सी डे," आजोबा मला खाली येऊन म्हणाले. "उद्या दिवसभर समुद्र. त्याला कुठे जाता येणार नाही." ते हसत होते, पण विनोद करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा बुशशर्ट घातला. खोलीत सकाळ झाल्याचं घड्याळावरूनच कळायचं. आरशासमोर भांग पाडताना त्यांनी मला विचारलं, "सरळ विचारू की आधी महाप्याचं सांगू?"

"सरळ विचारा," मी म्हटलं.

नाश्ता वरच्या मजल्यावर असायचा. प्रत्येकाने ताट घेऊन फिरायचं. तिथे एक माणूस समोर उभा राहून ज्याला हवं तसं ऑम्लेट करून द्यायचा, त्याच्यापुढे ओळ होती. त्या ओळीत तुमचे बाबा उभे होते, पोहून आलेले, ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल. आजोबा त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. मी फळांच्या टेबलाशी होते. सगळं ऐकू येत होतं.

"आज कुठे बसायचं?" आजोबांनी विचारलं.

"बघू ना. मुलांचा मॅजिक शो आहे अकराला. तुम्ही काय ते बोलायचं म्हणत होता?"

"निवांत बोलू."

"सांगा ना, आत्ता वेळ आहे. ओळ मोठी आहे."

आजोबांनी एकदा मागे बघितलं. मागे कुणी परदेशी बाई होती. "ते पलीकडच्या घराचं," ते म्हणाले.

"हां! बाबा, मीच सांगणार होतो. विकून टाका ते."

"तू येणार असलास तर..."

"बाबा, आता कसं येणार? मुलांच्या शाळा, हिची नोकरी. आम्ही आता तिकडचेच. उगाच रिकामं ठेवून तुम्ही दर शनिवारी झाडत बसता." मग त्यांचा नंबर आला. त्यांनी माणसाला स्वतःचं सांगितलं आणि मागे वळले. "बाबा, तुमच्यात चीज घालू?"

"नको."

"मशरूम?"

"साधं. कांदा घाल."

"वन प्लेन, विथ अनियन," तुमचे बाबा म्हणाले. ऑम्लेट ताटात आलं. त्यांनी ते आजोबांच्या हातात दिलं आणि पाठीवर थोपटलं. "बरं झालं, एकदाचं बोलणं झालं. माझ्याही डोक्यात होतं कधीपासून."

आजोबांनी ते ऑम्लेट सगळं खाल्लं. टाकलं नाही. मग ते मला म्हणाले, "जरा खाली जातो. मला बोट लागतेय."

बोट लागणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, मळमळतं, गरगरतं. पण आजोबांना कधी बोट लागत नसे. लहानपणी ते मुंबईहून कोकणात बोटीने जायचे. त्या बोटी खेळण्यासारख्या नाचायच्या, डेकवर सगळे आडवे पडलेले असायचे, आणि हे भाजलेले शेंगदाणे खात उभे असायचे. लग्नानंतर तसल्याच बोटीने मीच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गेले होते. आणि त्या सी डेला समुद्र परातीतल्या पाण्यासारखा होता. ग्लासातलं पाणीसुद्धा हलत नव्हतं.

ते खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. दिवा मालव म्हणाले. दिवा मालवला की त्या खोलीत स्वतःचा हातही दिसत नसे. मी पायथ्याशी बसून राहिले.

दुपारी दारावर टकटक झाली. तुमचे बाबा होते. मी बाहेर बोळात आले आणि दार ओढून घेतलं.

"बाबांना बोट लागली? आज तर पाणी हलतही नाहीये."

"लागली," मी म्हटलं.

"गोळी आणलीय. आणि आई, त्यांना आत नुसतं पडू देऊ नकोस. वर मोकळ्यावर ने, लांब क्षितिजाकडे बघायला सांग. खिडकी नसली की जास्त त्रास होतो."

"खिडकी नसते, हे तुला ठाऊक होतं?"

"म्हणजे?"

"खोली घेतलीस तेव्हा."

"आई, मी विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात आतली."

"तू कुठल्या घरात वाढलास रे?"

ते हसले. "असं काय करतेस? खोलीत फक्त झोपायला तर यायचं असतं." मग त्यांनी माझ्या हातात गोळ्यांचं पाकीट ठेवलं आणि संध्याकाळी कॅप्टनबरोबर फोटो आहे, छान साडी नेस, असं सांगून ते गेले.

गोळी मी आजोबांना दिली नाही. तिचा उपयोग नव्हता.

बोट लागण्यावर खरे उपाय मात्र लिहून ठेवते, तुमच्या आईला गाडीही लागते. रिकाम्या पोटी राहू नये, फार खाऊ नये. आलं चघळावं. बोटीच्या मध्यावर, उघड्यावर, जिथे समुद्राची रेघ दिसते तिथे बसावं. वाचू नये. आणि सोबतच्या माणसाने जवळ बसावं, सल्ला देऊन जाऊ नये.

परत आल्यावर आठवडाभर शेजारीपाजारी येत होते. त्या काळी आमच्या वसाहतीत कुणी असल्या बोटीवर गेलेलं नव्हतं. आजोबांनी प्रत्येकाला सगळं वर्णन केलं. मी ऐकत बसायचे आणि मला राग यायचा, कारण त्यात एकही शब्द खोटा नसायचा. तलाव होता, संगीत होतं, जेवणाला सतरा प्रकार होते, मुलाने काही म्हणून कमी पडू दिलं नाही.

समोरचे व्यापारीही आले, मार्केटमधून परस्पर, कपड्यांना कांद्याचा वास घेऊनच.

"काय सर, बोट कशी व्हती?"

"अहो, वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव. जहाजावर तलाव, विचार करा."

"आन् लाटंनं सांडत न्हाई?"

"नाही सांडत."

"कमाल हाय. आन् खोली कंची दिली तुमास्नी?"

"आतली."

"ते ब्येस. भायेर म्हातारपणी वारं बाधतं." ते माझ्याकडे वळले. "वहिनी, पोरगं असं आईबापाला फिरवतं, नशीब काढलंत. आमचं पोरगं बगा, आता लगीन ठरलंय त्याचं, तर म्हणतं, अण्णा, तुमच्या घरात कुटं मावायचं आमी? ऐरोलीला बगतो म्हणतं. त्याची आई रडतीया चार दिस."

मी आजोबांकडे बघितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पलीकडचं घर तुम्ही विचारत होता," ते म्हणाले. "अजून पाहिजे का?"

"सर, तुमचा मुलगा यायचा व्हता न्हवं?"

"त्याचं तिथे चांगलं चाललंय."

"मग तरीबी... म्हंजे, घाई न्हाई. इचार करा. मी आसं मुद्दाम म्हणून बोललो न्हाई, वहिनी, आईशप्पत."

"विचार झालाय," आजोबा म्हणाले आणि उठले. खिळ्यावरची किल्ली घेतली. "चला, दाखवतो."

"आत्ता?"

"आत्ता उजेड आहे. उजेडात बघा."

दोघं गेले. मधली भिंत पातळ, मला सगळं ऐकू येत होतं. आजोबा नळ सोडून दाखवत होते. पाणी दोन वेळा येतं, सांगत होते. सकाळचं ऊन थेट आतल्या खोलीत येतं, लहान मूल असलं की बरं, थंडीत मालिश करून तिथेच निजवता येईल. मग ते म्हणाले, "आणि तुम्हाला मुलाकडे यायला काय, फक्त जिन्यापुढचा पॅसेज ओलांडायचाय." व्यापारी काहीतरी बोलले ते मला नीट कळलं नाही. आजोबांचा आवाज मात्र अगदी स्वच्छ होता. कारखान्यात पाहुण्यांना यंत्रं दाखवताना असायचा तसा.

व्यापाऱ्यांचा मुलगा सुनेसकट तिथे राहायला आला आणि अजून आहे. चांगली माणसं आहेत. आजोबांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात तोच नेआण करायचा. तुमचे बाबा त्या वेळी पोचले, पण उशिरा.

तुम्ही आईबाबांना न्या. सगळे जण एकाच मजल्यावर राहा, एकाच पंक्तीला जेवा, आणि सी डेला त्यांच्याजवळ बसा. बाबांना काही विचारायचं असेल तर मात्र बोटीवर विचारू नका. आणि ते काही विचारायला आले, तर हातातलं ताट आधी खाली ठेवा.

मी येणार नाही. तुम्हाला मला भेटायचं असेल तर इकडे या. त्या बोटीनंतर तुम्ही दोनदा आलात आणि दोन्ही वेळा हॉटेलात उतरलात. धाकटीने मला विचारलं होतं, आम्ही तुझ्याकडे का नाही राहत? त्याचं उत्तर आत्ता देते. आजीकडे जागा नाही, असं तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं होतं. ते खरं आहे.